पश्चिमेची भिंत

भाई हडकरांनी उभ्या आयुष्यात शेकड्यांनी खिडक्या बसवल्या, पण खिडकी बुजवायची पाळी त्यांच्यावर वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी आली. तीही त्यांनीच बसवलेली. वाचनालयाच्या मागच्या खोलीची, पश्चिमेकडची. त्या खिडकीतून सुरूच्या बनापलीकडचा समुद्र दिसे आणि दुपार कलली की असा वारा येई की वर्तमानपत्रांवर दगड ठेवावे लागत. गावातले निम्मे सभासद वाचायला नव्हे, तर त्या वाऱ्याखाली डुलकी काढायला येत. त्यांत भाईही आले.

गाव तोंडवलीच्या अलीकडे, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं. इथे खिळे गंजतात, पापड मऊ पडतात आणि पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. अशा हवेत विश्वेश गुरुजींनी तीस वर्षं खपून सहाशे कॅसेटी जमवल्या होत्या. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले, पुढे वारलेही. पण त्यांच्या कॅसेटींत दशावतारातले जुने राजे आणि राक्षस अजून गरजत होते, बायका जात्यावर गात होत्या, रापणीचं जाळं ओढणारे हाळी देत होते. त्यांतल्या साठ-सत्तर तर बुरशीने केव्हाच खाल्ल्या. उरलेल्यांसाठी ग्रंथपाल दुर्गा केळुसकर सहा वर्षं अर्जावर अर्ज करत होती. अखेर मुंबईच्या एका संस्थेने खोलीची हवा मोजूनमापून राखणारं यंत्र द्यायचं कबूल केलं. अट एकच होती, खोली मार्चअखेर तयार पाहिजे. नाही झाली तर यंत्र दुसऱ्या कुठल्या तरी गावाला जाणार होतं.

खोली कशी हवी हे सांगायला सर्वेश परब आला. मूळचा कसालचा, शिकून पुण्याला गेलेला, यंत्र बसवणाऱ्या कंपनीचा निळा शर्ट घातलेला. त्याने चार पानी कागद काढला आणि भाईंना एकेक कलम वाचून दाखवलं. खिडकी बंद. छताखालचे झरोके बंद. भिंतीतल्या भेगा भरून वर ओल अडवणारा थर. छताला आतून उष्णता रोखणारे तक्ते. दाराच्या चारी बाजूंना रबराची पट्टी. यंत्राखाली वीतभर उंचीचा ओटा, त्याला लागून पाणी बाहेर जायला उतार दिलेला पाइप. विजेची स्वतंत्र लाइन.

"म्हणजे हवा आत येवक नको?" भाईंनी विचारलं.

"बाहेरची झुळूकसुद्धा नको, काका. यंत्र जी हवा करील तीच आत फिरणार. वीस अंश, आणि दमटपणा पन्नासच्या आत. बाहेरून वारा शिरला तर यंत्र अख्खा समुद्र वाळवत बसेल आणि महिन्याभरात दमून जाईल."

"बरा तर," भाई म्हणाले. "चाळीस वर्सां मी वाऱ्याक घरात बोलावलंय. आता तेका हाकलूचा कामपण माझ्याकडेच इला."

सर्वेश हसला. त्याला हा म्हातारा आवडला. आणि न आवडायला काय झालं? भाईंचं कामच तसं होतं. पंचक्रोशीत कुणाच्या सरळपणाची ग्वाही द्यायची झाली तर लोक म्हणत, 'भाईच्या भिंतीसारखो माणूस.' भाई कुणाकडे मोजमापाला आले की आधी मालकाचा चहा पीत आणि मग तोंडावर सांगत की तुझी जागा वाईट आहे, तुझा चिरा कच्चा आहे, तुझा नकाशा काढणारा गाढव आहे. एवढं ऐकून घेऊनही लोक त्यांच्याचकडे येत. हे वाचनालय म्हणजे त्यांचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम, सत्त्याण्णव सालचं. दारावरच्या संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावं होती आणि सर्वांत खाली बारीक अक्षरात भाईंचं. ती ओळ त्या वेळच्या मंडळींनी आपण होऊन घातली होती.

फेब्रुवारीत काम सुरू झालं. भाईंनी खिडकीची चौकट काढली, तिथे चिरे रचले, गिलावा केला. झरोके भरले. ओटा बांधला आणि तो पाणसळ लावून तीनदा तपासला, कारण कागदावर लिहिलं होतं की ओटा एका रेषेत नसेल तर यंत्र थरथरतं. "माणसाक कोण एवढा जपत नाय," ते म्हणायचे. शेजारच्या घरातल्या यशोदावहिनी रोज चार वाजता चहा पाठवायच्या. वहिनी बहात्तरीच्या. त्यांचे यजमान तात्या चार वर्षांपूर्वी गेले, मुलगा सुदेश मुंबईला, त्यामुळे वाचनालयात चाललेली खुडबुड हीच त्यांची सोबत. कधी कधी त्या स्वतःच किटली घेऊन येत आणि दारात उभ्या राहून खोलीकडे बघत.

"देवखोलीक पण एवढी तयारी करणत नाय गो," त्या दुर्गाला म्हणाल्या. दुर्गा नुसती हसली. तिने आयुष्यात फार काही मागितलं नव्हतं. हे मात्र तिला हवं होतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर कुणालाही वाचता येत होतं.

महिन्याच्या शेवटी ओल अडवणारा थर लावून झाला, त्यावर पांढरा रंग चढला आणि खोली लखलखली. तीन दिवसांनी पश्चिमेच्या भिंतीला फोड आले.

पहिल्यांदा जमिनीलगत, मग गुडघ्याएवढ्या उंचीवर, मग कंबरेपर्यंत. फोड दाबला की आत ओल लागायची आणि पांढरी भुकटी गळायची. बाकीच्या तीन भिंती खडखडीत कोरड्या. भाईंनी फुगलेला रंग खरवडला, पुन्हा थर लावला, दार बंद केलं. दोन दिवसांनी उघडून बघितलं तर भिंत पुन्हा फुगलेली. त्या वेळी खोलीत दुसरं कुणी नव्हतं. भाईंनी ती भुकटी बोटावर घेतली आणि जिभेला लावली.

खारट.

मग ते ओट्याच्या कडेवर बसले. कारण हे मीठ कुठून आलं हे शोधायची त्यांना गरज नव्हती.

या किनाऱ्यावर गवंड्यांचा एक जुना नेम आहे. गडनदीच्या वरच्या अंगाची गोडी रेती मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली आणि खाडीच्या मुखाकडची घ्यावी लागली, तर ती तशीच वापरायची नाही. अंगणात ढीग घालून ठेवायचा आणि त्याला एक पावसाळा खाऊ द्यायचा. चार महिने पाऊस त्या ढिगावर कोसळतो, मीठ वाहून जातं आणि दसऱ्यानंतर रेती कामाला येते. भाईंच्या बापाने त्यांना हेच पहिल्यांदा शिकवलं होतं. थापी हातात द्यायच्या आधी त्याने दोन ढिगांतली रेती पोराच्या जिभेवर ठेवली होती आणि विचारलं होतं, बांधायची कुठली ते सांग.

आणि सत्त्याण्णवच्या मे महिन्यात भाईंकडची पावसाळा खाल्लेली रेती संपली. वाचनालयाच्या तीन भिंती झाल्या होत्या, चौथी राहिली होती. उद्घाटनाची तारीख ठरलेली, कारण मुंबईचे देणगीदार सुट्टीवर आले होते आणि जूनच्या आधी परत जाणार होते. नदीवरून येणारा ट्रक आज येतो, उद्या येतो करत आलाच नाही. भाई तेव्हा पस्तिशीचे, नाव व्हायचं होतं, आणि पहिल्याच कामाला 'भाईक जमूक नाय' असं कुणी म्हटलेलं त्यांना सोसवलं नसतं. त्यांनी खाडीतून होडीभर ताजी रेती आणवली. जिभेला लावली, थुंकले आणि वापरली. चिऱ्यांमधल्या दर्जांतही तीच, गिलाव्यातही तीच. एकच तर भिंत आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. उघडी खिडकी आहे, वारा आहे, सुकेल. आणि वाऱ्याने अठ्ठावीस वर्षं त्यांची लाज राखलीही. भिंत खिडकीशी थोडी पोपडायची एवढंच. लोक म्हणायचे समुद्र जवळ आहे. आता वारा बंद झाला आणि भिंतीने पोटातलं सगळं ओकायला सुरुवात केली.

पण भाईंना ओट्यावर बसवून ठेवणारी गोष्ट ही एवढीच नव्हती. होडीतली रेती त्या भिंतीला वापरून उरली होती. ती त्यांनी फेकली नाही. त्याच आठवड्यात शेजारी तात्या आणि यशोदावहिनींच्या घराची मागची भिंत, न्हाणीला लागून असलेली, बांधायला घेतली होती. उरलेली रेती तिथे गेली. इथलं तोंड उघडायचं म्हणजे तिथलंही उघडायचं. वाचनालय सगळ्यांचं, म्हणजे तसं कुणाचंच नाही. पण ते घर दोन माणसांनी पोटाला चिमटा घेऊन बांधलं होतं. भाईंना समोर दिसत होतं की वहिनी विचारतील, आणि त्या विचारतील तेव्हा अठ्ठावीस वर्षांचं नाव एका दुपारी मातीत जाईल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. त्या दिवशी चारचा चहा आला तो भाईंनी घेतलाच नाही, पोट बरं नाही म्हणून परत पाठवला.

ओल काही लपून राहिली नाही. गावात गोष्ट फुटायला फोड लागत नाहीत, इथे तर फोडच आले होते. कुणी म्हणालं टाकी गळते, कुणी म्हणालं रंग भेसळीचा. मग गावकर मंगेश तोंडवळकर स्वतः येऊन भिंत बघून गेला. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान मंगेशच्या घराचा. माणूस वाईट नव्हे; बँकेत कारकून होता, मुलीला फार्मसीला घातली होती. पण भिंत पाहिल्यावर बाहेर येऊन त्याने समुद्राकडे बोट केलं.

"हयसून देवचाराची वाट जाता," तो दुर्गाला म्हणाला. "माझ्या आजोबांनी दाखवलेली. बनातसून वर येता, ह्या खिडकीखालसून खाडीकडे जाता. खिडकी होती तवसर बरा होता. तू बुजवलंस आणि तिसऱ्या दिवसाक भिंत वली. ह्याचो अर्थ काय तो तूच लाव."

देवचार म्हणजे गावाच्या वेशी राखणारा. रात्री त्याच्या काठीचा आवाज ऐकलेली माणसं अजून हयात होती, आणि न ऐकलेली माणसं त्याला जास्त भीत होती. बघता बघता सगळं दुर्गावर आलं. खिडकी बुजवायचा हट्ट कुणाचा, तर दुर्गाचा. यंत्र कुणी आणवलं, तर दुर्गाने. तिची बदली मागावी इथपर्यंत एकाची मजल गेली, ती सरकारी नोकर नाही हे कळल्यावर तो गप्प बसला. वाचनालयाच्या कमिटीने ठरवलं, रविवारी देवचाराला गाऱ्हाणं घालायचं, दुर्गाने हातात नारळ घेऊन सगळ्यांसमक्ष चूक कबूल करायची आणि सोमवारी खिडकी पुन्हा फोडायची. यंत्राचं काय करायचं ते संस्थेला कळवू.

भाई या बैठकीला होते. त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

त्यांनी स्वतःपुरती धडपड केली नाही असं नाही. सर्वेशला फोन लावून विचारलं की आतून दुसरी भिंत उभी केली तर चालेल काय. मध्ये थोडी पोकळी सोडून, हलक्या विटांची. त्यांना वाटलं, सुंठीवाचून खोकला जाईल.

"चालेल, पण का ते कळायला पाहिजे, काका," सर्वेश म्हणाला. "पाणी येतंय कुठून? पाइप फुटला असेल किंवा जमिनीतून चढत असेल तर दुसरी भिंतही भिजेल. कारण लिहून दिल्याशिवाय मला नकाशा बदलता येत नाही. तुम्ही एवढी घरं बांधलीत, तुम्हाला काय वाटतं?"

"बगतंय," भाई म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी दुर्गा कॅसेटींचे खोके पुन्हा जुन्या कपाटात भरत होती. खोली रंगवून होईल म्हणून तिने ते पुसून, नंबर टाकून बाहेर ओळीने लावले होते. भाई दारात उभे राहिले. तिने मान वर केली नाही.

"भाईनू, एक विचारू?"

"इचार."

"तुमका पटता ह्या देवचाराचा? माका देवाक नाय म्हणूचा नाय. सांगतले तसा उद्या म्हणान. पण मी माझ्याच जिवाक विचारतंय, खरंच माझ्या हातान काय झाला? सहा वर्सां मी ह्येच्यासाठी धावलंय. आणि आता रस्त्यान जाताना बायका माझ्याकडे बगनत नाय."

हीच वेळ होती. खोलीत तिसरं माणूस नव्हतं, आणि दुर्गाइतकं समजूतदार माणूस गावात दुसरं नव्हतं. भाईंनी तोंड उघडलं.

"देवाचा देवाक ठावक, बाय," ते म्हणाले.

त्या रात्री त्यांना स्वतःची किळस आली. खोटं बोललो म्हणून नव्हे. धंद्यात थोडंफार कोण बोलत नाही. पण बापाने जिभेवर ठेवलेल्या रेतीवर आपण थुंकलो होतो, आणि आता त्याचा दोष एका बाईच्या पदरात पडताना उभं राहून बघत होतो.

रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागे, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, चाळीसेक माणसं जमली. सर्वेशही आला होता. ओल मोजायचं उपकरण त्याच्या पिशवीत होतं, पण समोरचा प्रकार बघून त्याने ते बाहेर काढलं नाही. यशोदावहिनी आपल्या कुंपणाला लागून दगडावर बसल्या. दुर्गा पुढे, ओंजळीत नारळ. मंगेशने डोक्याला उपरणं गुंडाळलं, हात जोडले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या वाटेर उभी रवली आसत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ह्या वाचनालयाचा काम तुझोच कौल घेवन उभा रवला रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"त्यात कोणाकडसून तुझी वाट अडली आसात, कोणाच्या हातातसून कळत नकळत काय चुकला-माकला आसात, तर ता पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. कळत नकळत या दोन शब्दांपाशी भाई अडकले, कारण त्यांच्या बाबतीत त्यांतला एकच खरा होता.

मंगेशने दुर्गाला खूण केली. "नारळ पुढे कर. म्हण, माझी चूक झाली."

"थांब रे मंगेश," भाई म्हणाले.

"गाऱ्हाण्यात मधी बोलणत नाय, भाई."

"माका ठावक आसा. पण चूक तिची नाय. माझी आसा." भाई पुढे आले आणि त्यांनी भिंतीवर हात ठेवला. "सत्त्याण्णव सालात ह्या भिंतीक मी खाडीची ताजी रेती लावलंय. पावसाळो न खाल्लेली. गोडी रेती संपली होती, उद्घाटन चार दिसांर इला होता, आणि माका कोणासमोर मान खाली घालूची नव्हती. मीठ आसा ह्या भिंतीत. ताच ओल ओढून घेता. देवचारान कायएक करूक नाय, आणि दुर्गान पण करूक नाय."

मग सर्वेश पुढे आला, त्याने पोपड्याखालची भुकटी नखाने काढली आणि सगळ्यांच्या देखत जिभेला लावली. त्याचं तोंड वाकडं झालं.

"मीठच आहे," तो म्हणाला. "आम्ही हे शोधायला उपकरण लावतो." मग तो मंगेशकडे वळला. "खिडकी फोडायची गरज नाय, काका. आत दुसरी भिंत घालूया, मधी चार बोटां जागा सोडून. ही भिंत भायल्या अंगान सुकत रवात. मी आजच कारण लिहून पाठवतंय. पंधरा दिवसांत होईल?"

"आठ दिसांत करतंय," भाई म्हणाले. "गड्यांक नको. मी एकटो करतंय."

मंगेशने डोक्यावरचं उपरणं काढलं, घडी केलं, पुन्हा उलगडलं. त्याला हसावं की रागवावं ते कळत नव्हतं. "अठ्ठावीस वर्सां समुद्राच्या नावार खपवलंस आणि आता देवचाराच्या, मेल्या," तो शेवटी म्हणाला. "गाऱ्हाणा पुरा करूचा लागतला. पण नारळ आता तू धर."

दुर्गाने नारळ भाईंच्या हातात दिला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "काल मी तुमका विचारलंय, भाईनू," ती म्हणाली. "काल तरी सांगूचा होता." भाईंनी मान हलवली. मंगेशने उरलेलं गाऱ्हाणं घातलं, नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. लोक पांगू लागले. दोघाचौघांनी जाता जाता भाईंच्या खांद्यावर हात ठेवला, एकाने ठेवला नाही. भाईंना वाटलं, झालं. वाटलं होतं तेवढं काही झालं नाही.

"भाई," यशोदावहिनी दगडावरूनच म्हणाल्या. "माझी मागची भिंत तू तेवाच बांदलंस ना रे?"

पांगणारी माणसं थांबली. भाई कुंपणापर्यंत गेले. मध्ये तारेचं कुंपण, पलीकडे म्हातारी.

"व्हय, वयनी. तीच रेती. उरलेली तुमच्याकडे लावलंय." बोलायचं ते सगळं एका दमात बोलून टाकावं असं त्यांना वाटलं. "मी उद्यापासून येतंय. सगळो गिलावो काढतंय, चिरे उसवून परत लावतंय, गोड्या रेतीत. माल माझो, काम माझा. तुमी सुदेशाक कायएक कळवू नकात, मी तेका स्वतः फोन करून..."

वहिनींनी हात वर केला. त्यांना भिंतीचं काही ऐकायचं नव्हतं.

"म्हणजे ती न्हाणीतल्या पाण्यान वली जाय नाय होती?"

"नाय."

"माझा पाणी नाय होता?"

"नाय, वयनी. पाण्याचो काय संबंध नाय. मीठ आसा."

वहिनींनी पदराचं टोक हातात घेतलं होतं, ते त्या बोटाला गुंडाळत होत्या.

"लगीन होवन इलंय तेवापासून तात्यांनी माका एक शबुद वायट बोलूक नव्हतो," त्या म्हणाल्या. "ती भिंत वली जावक लागली आणि माझ्यामागे लागले. हात सैल तुझो, पाणी सांडतंस, घर बुडवतंस. पावण्यांसमोर बोलत. सुनेसमोर बोलत. मी आदी एक बादली कमी केलंय. मग अर्धी. मग दोन तांब्यांत न्हावक लागलंय. तरी भिंत वलीच. ते म्हणत, तू चोरून पाणी घेतंस." त्यांनी पदर बोटावरून सोडवला. "मरासर बोलत रवले. शेवटाक जीभ जड झालेली, तरी भिंतीकडे बोट करत. आणि मी अजूनपण दोन तांब्यांतच न्हातंय रे, भाई. ते गेले तरी."

भिंत उसवता येते. चिरे उतरवता येतात, धुता येतात, पुन्हा रचता येतात. त्यांच्या हातात ती कला होती आणि तिचा त्यांना आयुष्यभर माज होता. समोर बसलेल्या बाईचं काय उसवायचं आणि काय रचायचं हे त्यांना कळेना. "वयनी," ते म्हणाले, "माका..." माफ करा म्हणणं त्यांना फार स्वस्त वाटलं.

"तात्यांका आता कोण सांगतला," वहिनी म्हणाल्या. मग त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू, पण कुणाचा आधार न घेता. त्यांनी कुंपणाबाहेर थबकलेल्या सगळ्या माणसांकडे एकदा बघितलं. त्यांतल्या कितीतरी जणांनी तात्यांचं बोलणं त्यांच्या ओटीवर बसून ऐकलं होतं.

"पण हे सगळे आसत. ह्येंका सांग. आता मगाशी दुर्गासाठी सांगितलंस तसाच सांग, यशोदेचा पाणी नाय होता."

भाई लोकांकडे वळले. "यशोदावयनीचा पाणी नाय होता," ते म्हणाले. "भिंत माझ्यामुळे वली होती." त्यांचा आवाज चिरकला आणि शेवटचे शब्द सुरूच्या बनातल्या वाऱ्यात गेले.

"मागच्यांक आयकाक येवक नाय," वहिनी म्हणाल्या.

भाईंनी ते पुन्हा सांगितलं, मोठ्याने.